उसने बांबू

रवि., २९ जून
सोसायटीची गणपतीची पहिली मीटिंग. थर्माकोल नाही, प्लास्टिकची फुलं नाहीत, मखर बांबूचं, इथवर एकमत झालं. आमच्या ठाण्याच्या इमारतीत हे नवलच. चेअरमनसाहेबांनी (यापुढे चे.सा., रोज पूर्ण कोण लिहिणार) विचारलं, बांबूचं काम करणारं कुणी ओळखीचं आहे का? माझा हात वर गेला. शाळेतल्यासारखा, कोपर ताठ. सिस्टरांनी लावलेली सवय साठीनंतरही जात नाही.

मनात हिराबाई होती. नंदाकडे ठाकुर्लीला वर्षानुवर्षं सुपं आणि टोपल्या घेऊन येते ती. मुरबाडच्या बाजूला डोंगरात त्यांची ठाकरवाडी. नंदा माझी मोठी बहीण असली तरी हिराबाई तिच्या घरात माझ्यापेक्षा जास्त हक्काने वावरते.

गुरु., ३ जुलै
ठाकुर्ली. नंदाने निरोप धाडला होता म्हणून हिराबाई सुनेला घेऊन आली. सून सविता. बारावी झालेली, वाडीतल्या बायकांचा गट चालवते. मागच्या दिवाळीत त्यांनी केलेले बांबूचे आकाशकंदील फोनवर दाखवले. सुरेख. कागद न लावताही उजेड धरतील असे.

मखराचं ऐकून सविता सगळं एकदम बोलली. दिवाळी झाली की नवरा विठ्ठल वीटभट्टीवर जातो, सगळं बिऱ्हाडच जातं. मुलगी दुसरीत आहे. दर वर्षी निम्मी शाळा बुडते.
"मावशी, हे एक मखर नीट झालं की आणखी सोसायट्या विचारतील. वाडीतच काम मिळालं तर ह्यांना भट्टीला नाही म्हणता येईल. यंदा तरी."

हिराबाई तोवर नंदाच्या गुडघ्याला कसलंसं तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "सून माझी लय बोलती. पन काम करती."

शनि., ५ जुलै
चे.सा. नी मखराचं चित्र पाठवलं. हिरवागार बांबू, कोवळ्या पानांसकट, मागे धबधबा. धबधबा आपल्याकडून, बांबू त्यांच्याकडून, असं लिहिलंय. मी सविताला पुढे पाठवलं. तिचा अंगठा आला.

शनि., १२ जुलै
सविताचा फोन. आवाज उतरलेला. वाडी हिरवा बांबू तोडू देत नाही. चित्र पाहून तिने आधी होकार दिला, घरी सांगितल्यावर सासूने हातातला कोयताच काढून घेतला. आत्ता बांबूच्या बेटांत कोंब वर येतायत. दिवाळीपर्यंत बंदी.
"तुला माहीत नव्हतं का गं?" मी विचारलं.
"माहीत होतं मावशी. वाटलं, एवढ्या एका वेळेला चालेल."

गुरु., १७ जुलै
ठाकुर्ली. नंदाने मुद्दाम हिराबाईला बोलावून घेतलं होतं. मला वाटलं समजूत काढेल तिची. नंदा कसली, ती त्यांच्याच बाजूची निघाली.

हिराबाईने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. पावसात बांबूच्या बेटाला लेकुरवाळी म्हणतात. कोंब म्हणजे तिची लेकरं. ती उभी राहीपर्यंत आत कोयता घेऊन जायचं नाही, गुरं-शेळ्या सोडायच्या नाहीत. वाटेवर बांबू आडवा झाला तर माणसाने वळसा घालायचा. कुणी मोडलंच तर सगळ्या वाडीला जेवण घालायचं.
"असं कुणी घातलंय का जेवण?"
"माझ्या सासऱ्यानं. त्येच्या लग्नाच्या आधी." आणि खुदकन हसली. "अजून त्याला लोक जेवनवाला म्हनत्यात. मेला तरी."

येताना ठाकुर्ली स्टेशनवर क्षणभर वाटलं, उलट कल्याणला जावं, आमच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून यावं. नाही गेले. तिथे आता चिंच नाही म्हणतात.

रवि., २० जुलै
चे.सा. कडे गेले. ते शांतपणे म्हणाले, प्रश्नच नाही, वखारीतून हिरवा बांबू आपण आणून देऊ, त्यांनी नुसतं बांधायचं. मलाही पटलं. सवितालाही पटलं. रात्री पुन्हा तिचा फोन: सासूबाई म्हणतात, वखारीतला बांबूही कुणाच्या तरी लेकुरवाळीचाच. गटातल्या दुसऱ्या बायकाही मागे सरल्या. फोनवरच रडत होती. चे.सा. ना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत काय ते कळवा, नाहीतर दादरहून तयार सेट भाड्याने आणतो.

रवि., २७ जुलै
वाडीवर जाऊन आले. पाय दुखतायत पण आजच लिहिते, नाहीतर उद्या निम्मं विसरेन.

सोबत कांबळेबाई. आमच्या मजल्यावरच्या, निवृत्त नर्स. त्यांच्या घरी गणपती नाही, पण सोसायटीच्या गणपतीत त्यांचा शब्द असतोच. म्हणाल्या, देव तुमचा असेल, हॉल आमचापण आहे. कल्याणहून जीप, पुढे चालत.

समोरच्या डोंगराचे प्लॉट पाडलेत. लाल माती उघडी, तिच्यातून गढूळ पाणी खाली धावतंय. वाडीच्या बाजूचा डोंगर दाट. ओढ्याकाठी एकामागे एक बांबूची बेटं आणि ओढ्याचं पाणी एवढ्या पावसातही तळ दिसेल असं. मी आणि कांबळेबाई दोघी नुसत्या बघत राहिलो. सविता म्हणाली, वाडीला वनहक्क मिळाला तो अलीकडे, पण बेटं आजेसासऱ्यांच्याही आधीची. एक म्हातारं झालं की दुसरं, असं चालत आलंय.

कोंब पाहिले. तपकिरी-जांभळे, अंगावर लव, पानांच्या दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. कुठे वीतभर, कुठे माझ्या खांद्याएवढे. कांबळेबाई हळूच म्हणाल्या, "हा तर मॅटर्निटी वॉर्ड आहे." खरंच तिथून जाताना सगळे आवाज खाली करून बोलत होते. की मलाच तसं वाटलं.
कांबळेबाईंनी खवचटपणे विचारलंच, कोंबांची भाजी खाता ना पण तुम्ही?
"खातो की," हिराबाई म्हणाली. "दाटीत आला त्यो काढायचा, मोकळ्यातला ऱ्हाऊ द्यायचा. आज खाल्ली न् उद्याला ठेवली, त भाजी. सगळी खाल्ली त ती चोरी."

मग हिराबाईच्या ओसरीवर वाडी जमली. पुरुष, बायका, सगळे. कुणी अध्यक्ष नाही. सविता उभी राहून बोलली, सासूकडे न बघता. काम आलंय ते सोडून भट्टीची वाट धरायची का? मागच्या वर्षी पोरगी विटा थापत होती ते विसरलात का? आणि मग वळून म्हणाली, "आई, बांबूची लेकरं जपता. माझं लेकरू कोण जपणार?"
हिराबाईने पदर तोंडाला लावला. विठ्ठल मान खाली घालून बसला होता. त्याचा आवाज दिवसभर मी ऐकलाच नव्हता.

तेवढ्यात हिराबाईचा दीर, धर्मा, ओसरीच्या कडेला बसलेला म्हातारा, म्हणाला, "माझं आढं न्या."
त्याचं नवं घर दिवाळीनंतर बांधायचंय. त्यासाठी छपराचे बांबू, खांब, आढं आणि वासे, गेल्या थंडीत तोडून माळ्यावर ठेवलेत, चुलीच्या धुरात. धुराने बांबूला कीड लागत नाही. तो म्हणाला, घर बांधेपर्यंत पडूनच आहेत, तुमच्या देवाकडं राहून येऊ द्या. मग आणखी एकीने सांगितलं, आमच्या माळ्यावर आहेत. मग आणखी एकाने. प्रत्येक घरात दुरुस्तीसाठी काहीतरी ठेवलेलंच असतं. एकेक करत मखर जमा झालं, माझ्यासमोर.
अट एकच, आणि ती हिराबाईने सांगितली. "जसा जाईल तसाच परत याया पायजे. पान्यात सोडायचा नाय. कापायचा नाय. खिळा नाय मारायचा."

आम्ही सोसायटीत ठराव करतो आणि मग तो पहिला कोण मोडतो ते बघत बसतो. इथे ठराव कधी झाला ते कुणालाच आठवत नाही, पण तोंडचा घास जात असताना तो कुणी मोडला नाही. आणि सविताला वाऱ्यावर सोडूनही दिलं नाही. मला हे दुसरं जास्त मोठं वाटलं.

सोम., २८ जुलै
चे.सा.: "परत द्यायचे? मखर परत?"
मी: हो.
चे.सा.: "म्हणजे उसने?"
मी: हो.
बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, बघू, नवीन कल्पना आहे, सजावटीच्या स्पर्धेत सांगता येईल. धबधबा मात्र हवा म्हणाले. कांबळेबाईंनी तो जिन्यातच हाणून पाडला.

रवि., १० ऑग.
सविताने नमुना म्हणून एक कमान करून पाठवली. रंग काळसर तपकिरी, चकाकी जुन्या शिसवीसारखी. हॉलमध्ये ठेवली. तीन जणांनी विचारलं, ही भंगारातून आणली का. मला मात्र धुराचा वास आला आणि मी तिथेच बसले. ठाकुर्लीचं आमचं रेल्वे क्वार्टर, आईची चूल, तिच्यावरच्या फळीवर आगोटीच्या, पावसाळ्याच्या बेगमीच्या बरण्या. नंदा आणि मी कॉन्व्हेंटच्या पांढऱ्या मोज्यांनी त्या राखेत पाय घालायचो आणि मार खायचो. कितीतरी वर्षांत आईचा वास असा समोर येऊन उभा राहिला नव्हता.

मंगळ., २६ ऑग.
हरतालिका. उपास आणि हा दिवस. बसून लिहिते.

सकाळी टेंपो आला. हिराबाई, सविता, विठ्ठल आणि गटातल्या चौघी. बांबू हॉलच्या दारातून आत गेले आणि तिथेच अडले. धर्माच्या घराचे खांब हॉलच्या छतापेक्षा उंच. वासेही. लांबी मोजायचं कुणाला सुचलंच नाही. आम्ही वाडीला चित्र दिलं, हॉलची उंची दिली नाही. त्यांनी घराला लागतात तेवढे आणले. घराचेच होते ते.

चे.सा. नी सुताराला बोलावलं. "फक्त हातभर घ्या वरून." सुतार करवत घेऊन आला. हिराबाई पुढे झाली आणि खांबांवर बसली. मांडी घालून.
"बाई, उठा. हातभराने काय होणार आहे?"
"माझ्या दिराचं घर हातभर बुटकं व्हईल. मंग तो वाकून आत जाईल न् रोज तुमचं नाव घेईल."
सुतारच हसला आधी. सविता हसली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, कापू दे. मी धर्माकाकांचे पाय धरीन. आज परत गेलो तर पुन्हा कुणी बोलावणार नाही." हिराबाईने ऐकलं ते. सुनेकडे बघत राहिली. उठली मात्र नाही. पण हेही पाहिलं मी, की तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवायला करवतीकडेच बघत होती.

गणपती उद्या. दादरचा सेट आता मिळणार नाही, चे.सा. घामाने भिजलेले. कुणीतरी म्हणालं, मूर्ती टेबलावर ठेवू, मखर राहू दे.
तेव्हा विठ्ठल बोलला. एकदाच. "भायेर बसवू ना देव. भायेर छत कुठं हाय?"

इमारतीच्या मधल्या चौकात. पार्किंगच्या जागेत. मग जे झालं ते आमच्या सोसायटीत कधी झालं नव्हतं, लोकांनी स्वतःहून गाड्या काढल्या. पहिली कांबळेबाईंच्या मुलाची. वर ताडपत्री बांधली. संध्याकाळपर्यंत खांब उभे राहिले, त्यांच्यावर आढं, त्यावर वासे, त्यांच्यामध्ये त्या बायकांनी तिथल्या तिथे विणलेली नक्षी. एक खिळा नाही. सगळं पळसाच्या मुळांच्या वाखाच्या दोरीने बांधलेलं, एक टोक ओढलं की सुटेल असं. विठ्ठलचे हात बघत राहावे असे चालतात. हा माणूस विटा थापतो.

चे.सा. शेवटी खाली उभे राहून वर बघत म्हणाले, "हे घर झालं की हो." नाराजीने की कसं, कळलं नाही.

बुध., २७ ऑग.
गणपती बसले. घरात बसावेत तसे. पाऊस आडवा आला, मखर हललं नाही.
जोशीआजोबा, वय ब्याण्णव, दोन वर्षं खाली उतरले नव्हते. व्हीलचेअरवरून आरतीला आले. कारण लिफ्टमधून थेट चौकात येता येतं, हॉलसारख्या पायऱ्या नाहीत.

रवि., ३१ ऑग.
डोंबिवलीच्या एका सोसायटीचे लोक बघायला आले. सविता नेमकी गाठी तपासायला आली होती, तिचा नंबर घेतला. पुढच्या वर्षी आम्हालाही हवं म्हणाले, पण ठाणेकर काय करतात ते आधी बघू, तुम्ही पुन्हा घेतलंत तर आम्हीही.
दुसरीकडे आमच्याकडे तक्रारीचा कागद फिरतोय. गाड्या सात दिवस रस्त्यावर. धुराचा वास. देव पार्किंगमध्ये शोभत नाही. सह्या बऱ्याच.
कांबळेबाईंना कागद दाखवला तर म्हणाल्या, पेशंट दगावला नाही ना, मग नातेवाइकांचं मनावर घेऊ नका.

मंगळ., २ सप्टें.
विसर्जन. मूर्ती कृत्रिम तलावात, मखर जागच्या जागी. रिकामं मखर पाहून लहान मुलं त्यात घर-घर खेळत होती.

गुरु., ४ सप्टें.
टेंपोबरोबर मीही गेले. हट्टानेच. गाठी सोडताना विठ्ठलने वाखसुद्धा गुंडाळून घेतला. वाडीवर धर्माने आढ्याच्या दोन्ही टोकांना हात लावून बघितलं, मग मला नमस्कार केला. मी काय केलं होतं? मी फक्त मीटिंगमध्ये हात वर केला होता.

कोंब आता माझ्या दुप्पट उंच. वरची दुपटी सुटतायत. ओढ्याकाठून जाताना हिराबाईने माझा हात धरला, निसरडं होतं म्हणून, आणि ओढा संपला तरी धरून ठेवला.

गुरु., १८ सप्टें.
ठाकुर्ली. सविता भेटली. मुकादम वाड्यांवरून फिरू लागलाय, भट्टीसाठी माणसं नक्की करायला. एकदा त्याची उचल घेतली की जावंच लागतं, बिऱ्हाडासकट.
वाडीची बैठक पुन्हा बसली होती. ठरलं ते असं: पुढच्या गणपतीची दोन कामं नक्की झाली तर थंडीत, बंदी उठल्यावर, बेटांतले जुने झालेले बांबू मापाने काढायचे, खास मखरासाठी, आणि सगळ्यांच्या माळ्यांवर धुरात ठेवायचे. दर वर्षी तेच बांबू जातील आणि येतील. शिवाय वर्षभर टोपल्या, कंदील. मग विठ्ठल आणि आणखी तिघं भट्टीला जाणार नाहीत. किती बेटांतून किती काढायचे यावर हिराबाई आणि धर्मा भांडले म्हणे, पण ते भांडण चांगलं होतं, सविता म्हणाली. यंदा पहिल्यांदाच सासूबाई तोडायचे बांबू दाखवत होत्या.
दोन कामं. म्हणजे आमचं आणि डोंबिवलीचं. आणि डोंबिवली आमच्याकडे बघतेय.
चे.सा. म्हणतात, रविवारच्या मीटिंगमध्ये मत घेऊ. ते स्वतः कुठे आहेत, सांगत नाहीत.

रवि., २१ सप्टें.
मीटिंग संध्याकाळी साडेसहाला, हॉलमध्ये. दुपारभर दारोदार फिरले. तळमजला बहुतेक आपला. तिसरा मजला गाड्यांवरून अडलाय. जोशीआजोबा येणार म्हणाले, हॉलच्या पायऱ्या आहेत तरी, चौघांनी उचला म्हणाले. कांबळेबाईंनी ताकीद दिलीय, भाषण करू नका, डोळे पुसू नका, फक्त विचारा की पुढच्या वर्षी सात दिवस गाडी बाहेर काढायला कोण तयार आहे. नंदाचाही फोन, तेच सांगायला.
काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आता आठवत नाही.

आत्ता, निघता निघता, सविताचा फोन. कुजबुजत. मुकादम ओसरीवर येऊन बसलाय, विठ्ठलकडून आजच उत्तर हवंय म्हणतो, नाहीतर पुढच्या वाडीत माणसं आहेत.
"मग काय सांगितलंत?"
"चहा घेऊन जा म्हटलंय. सासूबाई दूध आणायला गेल्यात, खालच्या वाडीत."
"इतक्या लांब?"
"मावशी, आमच्यात चहात दूध घालतच नाहीत. तुमची मीटिंग कितीला संपते?"

सहा पंचवीस. चप्पल सापडत नाहीये. तशीच जाते.